राजक्काच्या शेतातला दगड

प्रारंभीच क्षमा मागतो. प्रवासवर्णन लिहिण्याचा अधिकार ज्याला प्रवासाची आवड आहे त्याचा. मला ती नाही. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या समासांखेरीज मी कुठेही स्वतःचे असे वाक्य लिहिलेले नाही, आणि समासातली वाक्येही बहुधा 'आकृती काढावी' एवढीच असत. शिवाय हा प्रवास अवघ्या चार दिवसांचा आणि शेजारच्याच जिल्ह्यातला. तिथून परतल्यापासून मी इतका थकलो आहे की दर अर्ध्या पानानंतर उठून भिंतीला पाठ टेकावी लागते. तरीही लिहितो, कारण आपल्याकडून सिरोंच्याला सहसा कोणी हौसेने जात नाही, आणि तिकडे जे घडले ते मनात ठेवून बसणे मला जमत नाही. अधिक सराईत लेखकाच्या अपेक्षेने कोणी हा मजकूर हाती घेतला असेल तर दोष सर्वस्वी माझा.

मी वरोऱ्याचा. तेहतीस वर्षे महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले. वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत डायनासोरच्या काळातले अवशेष सापडतात, हे दूरदूरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे आणि वरोऱ्याच्या बाजारात फारसे कोणाला नाही. दर हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांना तिकडे नेत असे. आमच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा एकच वस्तू येई, ती म्हणजे त्या प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे. विज्ञानाच्या दृष्टीने ते मोलाचेच. त्यावरून प्राणी काय खात होता ते कळते. पण त्यापायी मुले मला मागून 'शेणवाले सर' म्हणत, आणि ते मला ऐकू येई. हाड मी पाहिले ते संग्रहालयात, काचेआड, क्रमांकाची चिठ्ठी लावलेले. ज्या थरात प्राणी मेला त्याच थरात, कोणी न हलवलेले हाड मी कधी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर ही गोष्ट मला उगाच सलू लागली.

फेब्रुवारीच्या अखेरीस दिवाकरचा फोन आला. दिवाकर हा माझा जुना विद्यार्थी. माझ्या विषयात दोनदा नापास होऊन त्याने शिक्षण सोडले आणि आता तो मोहर्लीला पर्यटकांना वाघ दाखवणारी जिप्सी चालवतो. त्याची सासुरवाड सिरोंच्याकडची, तेलुगू बोलणाऱ्या घरातली.

"सर, माह्या मावससासूच्या वावरात नांगराले दगड लागून राह्यले. लांब लांब. गावातले लोक म्हणतात, हाडं होत थे. तुमी एक डाव येऊन पाहा नं."

मी तत्काळ होकार दिला, आणि मग त्याने उरलेले सांगितले. ती बाई घाबरली होती. तिच्या भागात अशी समजूत आहे की शेतात जुनी हाडे निघाली की मोजणीचे लोक येतात, खुंट्या ठोकतात, आणि पुढे त्या जमिनीत नांगर घालता येत नाही. ही समजूत कितपत खरी, हे मला आजही ठाऊक नाही. दोन जाणत्यांना विचारले तर दोन उत्तरे मिळाली. पण त्या बाईजवळ ते एकच शेत होते, दोन एकरांचे. कोणीतरी शिकल्यासवरलेल्या माणसाने येऊन 'हा नुसता दगड आहे' असे सांगावे, एवढीच तिची इच्छा होती.

म्हणजे तिला दगड हवा होता आणि मला हाड.

आलापल्लीपर्यंत

जिप्सी सफारीत गुंतलेली असल्याने दिवाकरने एका मित्राची जुनी जीप आणली. तिच्या चारही चाकांना जोर लागत असे, पण दारांपैकी एकच धड लागत असे, आणि ते माझ्या बाजूचे नव्हते. माझ्या बाजूचे त्याने दोरीने बांधले.

"पडलो तर?" मी विचारले.

"पडत नाई सर. दोरी नवी हाय."

चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी हा रस्ता मी वाचकांवर लादत नाही. आष्टीला वैनगंगेच्या अलीकडे आम्ही जेवलो. लाखोळीची डाळ, भात आणि वर मूठभर सांबार. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. लाखोळीची डाळ मी लहानपणी रोज खाल्ली आणि नोकरी लागल्यावर सोडली. तिथे खाताना जुन्या घराचा वास आला. दिवाकर माझ्याकडे बघत होता.

"सर, थे जिभेचं खरं हाय नं? का पुस्तकातलंच?"

त्याला एवढे आठवत होते, याचे मला नवल वाटले. वर्गात मी सांगत असे की रानात हाड आणि दगड ओळखण्याची एक गावठी पण कामाची रीत आहे. जीवाश्म हाडाला बारीक छिद्रे असतात. त्याच्या कोरड्या तुकड्याला जिभेचे टोक लावले तर ते ओलावा ओढते आणि जीभ किंचित चिकटते. साध्या दगडाला चिकटत नाही. मुले हसत, काही जण खडू चाटून पाहत.

"खरे आहे," मी म्हणालो. "शंभर टक्के नाही, पण बरेचसे."

"मंग मावशीले सांगून ठेवतो. नाईतर सर दगड चाटून राह्यले म्हून घाबरन थे."

आलापल्लीच्या सागवानात संध्याकाळ झाली. झाडे इतकी सरळ की त्यांच्यासमोर बसून पाठ दुखते म्हणण्याची लाज वाटावी. माझी दुखत होतीच. आलापल्लीपासून पुढचा रस्ता जागोजाग उखडलेला होता, आणि दोरीने बांधलेले दार प्रत्येक खड्ड्यात आपले मत देत होते. सिरोंच्याला पोहोचलो तेव्हा मला जीपमधून उतरवावे लागले. 'उतरवावे' हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरले आहे.

दगडी झाडे

सिरोंचा महाराष्ट्राच्या टोकाला आहे, आणि टोकाला असल्याची जाणीव तिथल्या हवेत आहे. दुकानांच्या पाट्यांवर मराठीखाली तेलुगू. हॉटेलात विचारतात, "अन्नं?" म्हणजे भात. वरोऱ्याला आम्ही पोळीभाजी संपवून शेवटी भाताकडे वळतो. इथे भाताने सुरुवात, भाताने शेवट आणि मधेही भात, त्यावर चिंचेतले माशाचे कालवण आणि अंबाडीची चटणी. मी पोळी मागितली. वाढप्याने आजारी आहात का, असे अत्यंत आपुलकीने विचारले.

सकाळी वडधमच्या जीवाश्म उद्यानात गेलो. उद्यान हा शब्द ऐकून बाग डोळ्यांसमोर आणू नये. झुडपांचे, पाण्याने कापलेले खडबडीत रान, आणि त्यात दगड होऊन आडवे पडलेले वृक्षांचे बुंधे. सालीवरच्या भेगा तशाच, गाठी तशाच. हात लावला तर थंड. एका बुंध्यापाशी मी बराच वेळ बसलो. काही अंशी आदराने, काही अंशी गुडघ्यांमुळे. ते झाड उभे होते तेव्हा इथे फूल नावाची गोष्ट नव्हती, हे मी दिवाकरला सांगितले. तो म्हणाला, "मंग भुंगे काय करत असन?"

तिथे भेटलेल्या वयस्क राखणदाराला मी विचारले, हाडे कुठे आहेत?

"हाडं नेली तपासाले, फार आधी. आता झाडंच होत." मग त्याने आमच्या गाडीच्या पाटीकडे पाहिले. "चंद्रपूरवरून आले? झाडं पाहाले? तुमच्या इथी जंगल सरलं का बाप्पा?"

नाल्यातून

राजक्काच्या, म्हणजे दिवाकरच्या त्या मावससासूच्या, गावाचे नाव मी देणार नाही, आणि राजक्का हेही तिचे खरे नाव नाही. कारण पुढे कळेलच.

तिच्या शेताकडे जायला रस्ता नाही. कोरड्या नाल्याचे पात्र हाच रस्ता. दिवाकरने खाली उतरून, पुढच्या चाकांनाही जोर लागावा म्हणून, त्यांच्या मधले कडे फिरवले, गिअरच्या शेजारचा आखूड दांडा ओढला, आणि जीप नाक खाली करून काठावरून आत उतरली. मला समोर फक्त वाळू दिसत होती, आकाश नाही.

आत गेल्यावर मात्र मी क्षणभर दुखणे विसरलो. दोन्ही बाजूंना दोन-तीन पुरुष उंचीचे कडे होते; लाल चिकणमातीचा थर, वर पिवळट वालुकाश्म, पुन्हा लाल. तेहतीस वर्षे मी हे पट्टे रंगीत खडूंनी फळ्यावर काढले होते. आता ते माझ्या कानाजवळून सरकत होते, आणि मला त्यांच्याकडे नीट पाहताही येत नव्हते, कारण डोके वरच्या लोखंडी दांड्यावर आपटू नये म्हणून दोन्ही हातांनी स्वतःला धरून बसावे लागत होते. एका वळणावर जीप एका बाजूच्या दोन चाकांवर आली असावी. खात्री देत नाही. डोळे मिटले होते.

मग ती वाळूत रुतली. दिवाकरने चाकांतली थोडी हवा सोडली. वाळूत चाक पसरट झाले की कमी रुतते. तेवढ्याने भागले नाही. वरच्या शेतातून मिरचीची पोती घेऊन चार बाया नाल्यात उतरत होत्या. त्यांनी डोक्यावरची पोती खाली ठेवली, कुठूनसे तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, भारे आणून चाकांखाली घातले आणि धक्का द्यायला मागे उभ्या राहिल्या.

"सर, तुमी बसा स्टेरिंगवर. मी मागून लावतो."

मी गाडी चालवायला साठीनंतर शिकलो. वरोऱ्यात दुपारी, रस्ता रिकामा असताना, तिसऱ्या गिअरपर्यंत. हे मी दिवाकरला सांगितले.

"पहिलाच पाह्यजे सर. तिसरा इथी कोनी मागून नाई राह्यला."

मी पहिला गिअर टाकला अशी माझी समजूत होती. जीप मागे गेली. चारही बायांवर आणि दिवाकरवर वाळूचा फवारा उडाला आणि मागून तेलुगूत एक वाक्य आले, ज्यावर बाकीच्या तिघी वाळूतच बसून हसू लागल्या.

"काय म्हणाली?" मी मान बाहेर काढून विचारले.

"जाऊ द्या सर."

"सांग ना."

"म्हणते, या बुढ्यापरीस आमचा रेडा बरा. थो पुढं तरी जाते."

दुसऱ्या खेपेला जीप पुढे गेली. ती थांबवायची कशी, हे त्या उत्साहात आठवले नाही, त्यामुळे बरीच पुढे गेली. दिवाकर धावत येऊन आत चढला तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता आणि मला, एका नापास विद्यार्थ्यासमोर, लहान मुलासारखा आनंद झाला होता. तो फार टिकला नाही. पाठीने लगेच हिशेब मागितला.

मिरच्या

नाल्यातून वर आलो आणि समोर सगळे लाल होते. मिरची तोडून शेतातच ताडपत्र्यांवर वाळत घातली होती. हवेत तिखटाचा इतका दाट वास की पहिल्या श्वासाला मी खोकलो, दुसऱ्याला शिंकलो आणि तिसरा घेण्याआधी विचार केला.

राजक्का पन्नाशीची, काटक, नाकावरून पदर बांधलेली. नवरा काही वर्षांपूर्वी वारला. एक मुलगी हैदराबादेकडे कामाला. ती एकटीच शेत पाहते. दिवाकरला पाहून तिने पदर खाली ओढला.

"काय अल्लुडू, एवढा उशीर?" तेलुगूत जावयाला अल्लुडू म्हणतात. "सार कुठी हाय? हे सार? हे तर लई थकून गेले. बसा सार, बसा. पाणी."

ती मराठी बाजारात शिकली होती. शब्द मोजके, पण प्रत्येक शब्द कामाचा. दगड तिने ढीग करून ठेवले होते. काही मात्र वाऱ्याने ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या कडांवर, मिरच्यांवर, मांडले होते. मी त्यातला सर्वांत जवळचा उचलला. जांभळट तपकिरी, टोकाशी फुगीर, मोडलेल्या बाजूला जाळीदार. आता घरी बसून सांगायला सोपे आहे की तो आधी पुसायला हवा होता, धुवायला हवा होता. वर्गात मी हेच सांगत असे. तिथे मी तो थेट तोंडाजवळ नेला आणि जीभ लावली.

"सर, पुसून तरी…" एवढेच दिवाकरचे मला ऐकू आले.

पुढचा काही काळ मी कशाचेही निरीक्षण केले नाही. तो दगड पंधरा दिवस वाळत्या मिरच्यांवर बसला होता. डोळ्यांतून, नाकातून पाणी. तोंड मिटता येईना, उघडे ठेवता येईना. राजक्का "अय्यो सार! अय्यो!" करत झोपडीकडे धावली आणि गूळ घेऊन आली, मग दह्यातला भात. मघाच्या बाया पोती पोचवून परतत होत्या. त्यांनी सारा प्रकार उभ्याने पाहिला. दिवाकर माझी पाठ चोळत होता आणि हसू दाबण्याच्या प्रयत्नात स्वतःच खोकत होता.

मी जरा सावरलो तशी राजक्का समोर उकिडवी बसली. ती हसत नव्हती.

"सार, चिकटली काय?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मलाच कळले नाही. जीभ जागेवर आहे एवढेच कळत होते. खरे सांगायचे तर, उत्तर देता न आल्याचे मला बरे वाटले.

ऊन कलल्यावर तिने जेवायला वाढले. माशाचे कालवण मला खाता येण्यासारखे नव्हते. मी पुन्हा दहीभातच घेतला. ती शांतपणे बोलत होती, मधे शब्द अडला की तेलुगूत, आणि दिवाकर तो मराठीत आणत होता. आधी तिचे शेत प्राणहितेच्या काठी होते, सपाट, काळे. दर पावसाळ्यात नदी काठ कापत आली. एका वर्षी धुरा, म्हणजे बांध, गेला, पुढच्या वर्षी अर्धे वावर. उरलेले तिने आणि नवऱ्याने दोन वर्षे कसले आणि तिसऱ्या वर्षी कसायला काही उरले नाही. हे नाल्यालगतचे दोन एकर त्यानंतरचे. दगडधोंडे वेचून तिनेच ते शेत केले.

"एक शेत नदी खाल्ली," ती म्हणाली. "नदीला काय बोलते? नदी हाय. पण हे शेत हाड खाणार काय, सार? मेलेला हाड?"

मला एकदम माझे सगळे ज्ञान फार लांबचे वाटले. कोट्यवधी वर्षे हा शब्द मी किती सहज वापरत आलो होतो. तिच्याकडे तेरा पोती मिरची होती आणि पुढचा हंगाम.

घळीत

रात्र तिच्याच झोपडीत काढली. सकाळी राजक्का आणि दिवाकर मिरच्या उलथत असताना मी काठी घेऊन शेताच्या टोकाला गेलो. तिथे शेत संपते आणि एक अरुंद घळ नाल्याला मिळते. उतरताना दोनदा बसलो. तळाशी पोहोचल्यावर तिसऱ्यांदा बसलो, आणि समोर पाहिले.

ते तिथे होते. लाल मातीच्या थरातून माझ्या हाताइतके लांब बाहेर आलेले, बाकीचे आत, राजक्काच्या मिरचीच्या मुळांखाली. वरचे टोक माझ्या मुठीच्या दुप्पट. कोणी हलवले नव्हते, कोणी क्रमांक दिला नव्हता. बहुधा मांडीचे असावे. थोडे पलीकडे आणखी एक टोक, आणि त्यापुढे मणक्यांसारखे काही, एका ओळीत. एखादे मोठे जनावर पाण्याजवळ आडवे झाले आणि उठले नाही, असे ते दिसत होते.

अशा क्षणी काय वाटेल याची मी अनेकदा कल्पना केली होती. मला फक्त त्याच्या शेजारी आडवे व्हावेसे वाटले.

बाटलीतले पाणी रुमालावर घेऊन मी एक कोपरा पुसला, तो वाळेपर्यंत थांबलो, आणि जीभ लावली. ती चिकटली. सोडवताना अगदी बारीक आवाज झाला. मी दुसऱ्यांदा लावली. त्याला शास्त्रीय कारण नव्हते.

मग वर पाहिले. घळीच्या काठापासून दोन पावलांवर, काठाला समांतर, जमिनीत वीतभर रुंदीची भेग गेली होती. भूशास्त्रातला विद्यार्थीही सांगेल, नापास झालेलासुद्धा: येत्या पावसाळ्यात हा काठ बसणार. मिरचीच्या दोन सऱ्या जातील, त्याखालचे हाड फुटेल आणि तुकडे नाल्यातून नदीला जातील. जे एवढा काळ टिकले त्याचे आता तीन-चार महिने उरले होते.

"सार, चहा!"

राजक्का काठावर उभी होती, हातात पितळी पेला. त्या भेगेच्या अलीकडे, जिथे उभे राहायला नको होते तिथे.

"मागे हो, अक्का. जमीन कच्ची आहे."

ती मागे झाली, पण गेली नाही. मी कुठे बसलो आहे आणि कशासमोर, हे तिला वरून स्पष्ट दिसत होते.

"काय हाय, सार?"

तेहतीस वर्षांत कोणत्याही विद्यार्थ्याने मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता, आणि कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मला इतके पक्के ठाऊक नव्हते.

"जीभ अजून बधिर आहे, अक्का," मी म्हणालो. "कालच्या मिरचीने. मला काही कळत नाही."

ती थोडा वेळ बघत राहिली. माझ्याकडे, मग मातीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मंग मिरची चांगली हाय," ती म्हणाली, आणि वाकून पेला काठावर ठेवून गेली.

परतताना

निघताना तिने दोन किलो मिरची पिशवीत घालून दिली. नको म्हटले तर दिवाकरने डोळ्यांनीच दटावले. नाल्यात उतरण्याआधी गावातला एक म्हातारा जीपला आडवा आला, माझ्याकडे कौतुकाने पाहून त्याने दिवाकरला तेलुगूत काही विचारले, आणि दिवाकरने मान डोलावून उत्तर दिले.

"काय विचारत होता?"

"विचारे, हेच का थे वरोऱ्याचे मोठे सर, ज्यांनी जिभीनं पाहून दगड म्हटलं."

"मी दगड म्हटलेले नाही."

"हाव सर."

"मी म्हणालो, कळत नाही."

"थेच नं. एवढ्या मोठ्या सराले हाड कळलं नाई, म्हंजे दगडच असन नं, सर?"

या वेळी नाल्यात गाडी रुतली नाही. वर सपाटीला आल्यावर त्याने पुढच्या चाकांचे कडे पुन्हा सोडवले आणि आत बसून, किल्ली न फिरवता, म्हणाला,

"चिकटली होती नं, सर?"

मी दाराच्या दोरीची गाठ चाचपू लागलो.

"मी दिवाळीतच लावून पाह्यली होती. खालच्या घळीतल्याले. पुसून घेतलं होतं." त्याच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. "दोन डाव नापास झालो, पन थेवढं ध्यानात होतं."

"मग मला कशाला आणलेस?"

"मी दगड म्हटलं तर कोन मानन, सर? डायवर माणूस मी. तुमच्या तोंडातून 'नाई' निघालं तर सारं गाव मानते." मग म्हणाला, "आन तुमाले पाह्याचं बी होतं नं. कॉलेजात नेहमी म्हनत होते, जागेवरचं हाड, जागेवरचं हाड. म्हटलं, सराले एक डाव दाखवाव."

माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने मला यापेक्षा मोठी भेट दिलेली नाही, आणि कोणी मला इतके अचूक वापरलेलेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या उखडलेल्या रस्त्यावर मला पटत गेले. आलापल्लीपर्यंत मी झोपल्याचे सोंग केले. त्यानंतर खरोखर झोप लागली.

घरी येऊन आठ दिवस झाले. पाठ अजून सरळ होत नाही. एक जुना सहकारी आहे. निवृत्त झालेला नाही, हाडांवरच काम करतो, सज्जन आहे. एका फोनवर तो येईल. काळजीपूर्वक खणेल, जपून नेईल, आणि त्या प्राण्याला कदाचित नावही मिळेल. पण एकदा त्याला कळले म्हणजे ती बातमी त्याच्यापाशी थांबणार नाही. थांबवण्याचा त्याला अधिकारही नाही. शेताचे पुढे काय होईल, ते तो सांगू शकणार नाही, मीही नाही. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित मोबदला मिळेल. कदाचित ती तिसऱ्यांदा कुठेतरी दगड वेचत बसेल. आणि फोन केला नाही, तर पाऊस आपले काम करील, आणि ते हाड पाहिलेली माणसे या जगात तीन असतील. त्यांपैकी दोघांनी ते दगड असल्याचे ठरवले आहे.

खरे बोलण्याचा पगार मी तेहतीस वर्षे घेतला. एकदाच खोटे बोललो, तेही अर्धवट, आणि मला त्याचा पश्चात्ताप करावा की नाही हेही ठरवता येत नाही. फोन टेबलावर आहे. जूनला अजून वेळ आहे.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तो फोन केला असता का?